वारलेल्या नवऱ्याची पासष्टी

नोव्हेंबर लागला की मला बँकेत जाऊन दोन गोष्टी लिहून द्याव्या लागतात. एक, मी जिवंत आहे. दोन, मी दुसरं लग्न केलेलं नाही. पहिली गोष्ट बघणाऱ्याला दिसते. दुसरीचं मात्र मला दरसाल नवल वाटतं. सहासष्ट वर्षांची बाई, गुडघ्याला पट्टा, जिना चढताना तोंडातून आपोआप "अंबाबाई" निघतं, आणि सरकारला अजून धास्ती आहे की हिला कुणी पळवून नेईल. पहिल्या वर्षी ते लिहून देताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता मी निर्ढावले आहे. सही करते आणि काउंटरवरच्या पोराला सांगते, "यंदा पण न्हाय जमलं बघा. पुढच्या साली बघू."

ही पेन्शन माझ्या नवऱ्याची. ते पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. आमच्या मुरुम गावच्या बाजूला कालव्याला पाणी यायचं ते सणावारासारखं, पण निरीक्षण मात्र रोज. सकाळी सायकल काढायची, कोरड्या कालव्याच्या कडेनं जायचं, आत चरणारी शेरडं हुसकायची आणि संध्याकाळी लिहायचं की आज गळती आढळली नाही. पाणीच नाही तर गळणार काय, असं मी एकदा म्हणाले होते. त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नोकरीवर लई जीव होता त्यांचा. रिटायर झाले आणि दोन वर्षांत, चहा पिता पिता, छातीत कळ येऊन गेले. त्यानंतर माझ्या नावानं कुटुंबाची पेन्शन सुरू झाली.

तर त्या नोव्हेंबरात मी नेहमीसारखी बँकेत गेले. काउंटरवर बिहारचा एक नवा साहेब होता. पोरसवदा, सभ्य, मराठी येत नाही म्हणून स्वतःच ओशाळणारा. त्यानं माझं नाव टाकलं, मशीनकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि ट्रेझरीचं एक पत्र पुढं सरकवलं. पत्रात "अतिप्रदान" असा शब्द होता. मला आधी वाटलं काही बक्षीस-बिक्षीस आहे. मग खालचा आकडा बघितला आणि टेबलाची कड धरली.

त्या पोरानं मला तीनदा समजावलं तेव्हा डोक्यात शिरलं. रिटायर होऊन नवरा गेला की बायकोला सुरुवातीची काही वर्षं जरा जास्त पेन्शन मिळते. पुढं नवरा असता तर ज्या दिवशी पासष्टचा झाला असता, त्या दिवसापासून ती कमी करायची असते. माझी कमी करायचं राहून गेलं होतं. कुणाच्या ध्यानात आलं नाही. मला तर असा काही नियम असतो हेच ठाऊक नव्हतं. मी येईल ते घेत होते. आता सरकार जागं झालं होतं आणि जादा दिलेले सगळे पैसे दरमहा हप्त्यानं कापून घेणार होतं.

आमच्याकडच्या हिंदीत मी त्याला विचारलं, "मर गए सो आदमी की उमर कैसी बढती रे बाबा?"

तो बिचारा म्हणाला, "माताजी, कागज पर बढती है."

साठाव्या वर्षी ज्यांना मी स्वतः तोंडात पाणी घालून पोचवलं, ते सरकारदरबारी खुशाल एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट करत पासष्टचे झाले होते, आणि बायकोला पत्ता नाही. मी घरी आले आणि फोटोकडं बघून म्हणाले, "झालात व्हय पासष्टचे? सांगायचं तरी."

हसत होते खरी, पण मनात हिशेब चालू होता. हप्ता कापून हातात जे उरणार होतं त्यात लाईटबिल, गॅस आणि गुडघ्याच्या गोळ्या यातलं एक काहीतरी सोडावं लागलं असतं. म्हणजे घराला कुलूप लावून पुण्याला लेकाकडं जाणं आलं. तेच मला नको होतं. लेक चांगला आहे, सून त्याच्याहून चांगली. पण सातव्या मजल्यावर मी पाहुणी असते. चहा करायचा तर "करू का गं?" म्हणून विचारते. कुणी विचारायला लावत नाही, आपणच विचारतो. इथं मुरुमात दोन खोल्यांचं का होईना, विटांवर मी स्वतः पाणी मारून बांधलेलं घर आहे. ओट्यावर बसलं की रस्त्यानं जाणारं प्रत्येक माणूस "अक्का, जेवण झालं का?" म्हणून विचारतं. उत्तर ऐकायला थांबत नाही, पण विचारतं.

लेकाला फोन केला तर तो म्हणाला, "आई, बास झालं आता. पैसे मी भरतो. तू घर बंद कर आणि इकडं ये."

"तू का भरणार? तू घेतलेस का?"

"मग काय करणार आहेस? औषधाचं काय? पडलीस-झडलीस तर कोण बघणार?"

"आजवर पडले का?"

"आई, तू ना मला लई बेजार करतीस," म्हणाला आणि फोन ठेवला. आम्हा दोघांचे फोन असेच संपायचे. लेकाच्या पैशावर जगणं आणि नवऱ्याच्या पेन्शनीवर जगणं यात लई फरक असतो. लेक कितीही प्रेमानं देवो, हात पुढं करावा लागतो. पेन्शन आपसूक येते. हे पोराला सांगून कळत नसतं, म्हणून मी सांगितलंही नाही.

आमच्या शेजारी एक अण्णा राहतात. ते उमरग्याच्या कोर्टात बेलीफ होते. उभा जन्म लोकांच्या दारावर नोटिसा डकवण्यात गेला. आता दारावर डकवायला नोटिसा नाहीत म्हणून गल्लीतल्या प्रत्येकाच्या भानगडीत ते स्वतःच जाऊन चिकटतात. माझं पत्र त्यांनी चष्मा पुसून वाचलं. एकदा मनात, एकदा मोठ्यानं. वाचताना चेहऱ्यावर असा काही आनंद की जणू घरी नातू झाला.

"वहिनी, फिकीर करू नका. यात मुद्दा एकच. मयताचं वय."

"ते मयत झाल्यावर वाढलं, हाच तर घोळ हाय."

"तेच म्हणतो मी. वाढलं, पण किती वाढलं? पासष्टी कवा भरली? ती जेवढी उशिरा भरली असेल तेवढी वसुली कमी. भाऊंची खरी जन्मतारीख काय?"

आता इथं आमच्याकडची एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या नवऱ्याची कागदावरची जन्मतारीख एक जून. त्यांच्या थोरल्या भावाची एक जून. अण्णांची एक जून. आमच्या गल्लीतले साठीच्या पुढचे झाडून सगळे बाप्ये एक जूनला जन्मलेले. त्या काळी शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजी पोराकडं नजर टाकायचे, उंची बघायचे, आणि एक जून टाकून मोकळे व्हायचे. माझ्या सासऱ्यांनी तर त्यावर कडी केली. थोरल्याला शाळेत घालायला नेलं तेव्हा धाकटाही मागं मागं रडत आला. सासरे म्हणाले, गुरुजी, ह्यालाही त्याच्याच शेजारी बसवा, म्हणजे पुस्तकं एकदाच घ्यावी लागतील. गुरुजींनी बसवला. दोघांचं साल एक, तारीख एक. दोन सव्वादोन वर्षांच्या अंतरानं झालेले सख्खे भाऊ एका सहीसरशी कागदावर जुळे झाले. सासूबाई मरेपर्यंत सांगायच्या की धाकटा पोळ्याच्या दिवशी झाला, बैलांच्या शिंगांना रंग लावून झाला होता आणि कळा सुरू झाल्या. पण सासूबाईंना कोण विचारतो!

हे ऐकून अण्णांनी मांडीवर थाप मारली. "मग झालं काम! भाऊ प्रत्यक्षात दोन वर्षांनी लहान. म्हणजे पासष्टी दोन वर्षं पुढं गेली. दोन वर्षांची वसुली तिथंच कटली. तुम्ही प्रतिज्ञापत्र करून द्या, मी मसुदा काढतो."

आणि काढला की. स्टँप पेपर आणला, उमरग्याला जाऊन टाइप करून आणला. त्यात "सबब" हा शब्द इतक्यांदा होता की वाचताना ठेच लागत होती. मी शपथेवर सांगणार होते की माझे पती कागदावर दिसतात त्याहून लहान होते. तो मसुदा वाचताना मला एकाएकी उमगलं की म्हणजे ते माझ्याहून जेमतेम दोनच वर्षांनी मोठे होते. आणि आयुष्यभर ह्या माणसानं "मी तुझ्यापेक्षा जास्त पावसाळे बघितलेत" म्हणून माझं तोंड बंद केलं! आमच्या जिल्ह्यात पावसाळे आधीच कमी, त्यातले दोन खोटे. ते समोर असते तर त्या दिवशी मी त्यांना सोडलं नसतं.

धाराशिवला ट्रेझरीत जायचं ठरलं. मी पहाटे उठून धपाटे केले, शेंगाची चटणी घेतली. रिकाम्या पोटी सरकारशी बोलू नये, असं माझं मत आहे. एसटीत माझं अर्धं तिकीट, अण्णांचं तेही नाही, कारण त्यांची पंचाहत्तरी झाली आहे. तीही एक जूनलाच. गाडीवर पाटी धाराशिवची, तरी अण्णांनी कंडक्टरला उस्मानाबादच सांगितलं आणि कंडक्टरनंही ते निमूट ऐकलं.

नळदुर्ग मागं पडलं तेव्हा माझ्या डोक्यात एक शंका आली.

"अण्णा, हे नोकरीला लागले तेव्हा कागदावर एकोणीस वर्षांचे होते."

"बरं मग?"

"दोन सव्वादोन वजा केले तर?"

अण्णांनी खिडकीबाहेर बघितलं. बोटं मांडीवर हलली. चेहरा उतरला.

"म्हणजे अठरा पुरी नव्हती," मी म्हणाले. "म्हणजे ते नोकरीला लागलेच कसे, असं इचारलं तर? आधी पेन्शन तरी जादा होती. आता सगळी नोकरीच खोटी निघंल. जन्मभर कालव्याकडं बघितल्याचा पगार परत मागतील."

तुळजापूर आलं. स्टँडवरून अण्णांनी मंदिराच्या दिशेनं हात जोडले, डोळे मिटले, आणि उघडून म्हणाले, "वहिनी, तो मुद्दा आपण होऊन काढायचा न्हाय. इचारलं तर बघू." उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच. पण एसटीत बसल्यावर उतरणार कुठं? मीही भवानीला हात जोडले.

ट्रेझरीतल्या साहेब म्हणजे एक तरुण बाई होत्या. टेबलावर फायलींचे गठ्ठे, गठ्ठ्यांवर थंड झालेला चहा. मला वाटलं होतं कुणी खेकसणारा गडी असेल, म्हणून मी रस्ताभर भांडणाची तयारी करून आले होते. बाईंनी "बसा आजी" म्हटलं आणि माझी अर्धी तयारी तिथंच वाया गेली.

अण्णा मात्र उभे राहिले. कोर्टात पुकारा करायच्या आवाजात त्यांनी सुरू केलं, "मॅडम, सदर प्रकरणी मयताच्या वयाबाबत आमचं म्हणणं असं की..."

"काका, थांबा जरा. मी आधी बघते," बाई म्हणाल्या. त्यांनी माझे कागद काढले, मशीनमध्ये काही बघितलं, कपाळाला हात लावला. "आजी, ही चूक आमची आहे. तुम्ही काही लपवलेलं नाही. साहेबांची जन्मतारीख पहिल्या दिवसापासून आमच्याकडं आहे. पेन्शन आम्हीच कमी करायला हवी होती."

आजवर कुठल्याही ऑफिसात "चूक आमची" हे दोन शब्द मी ऐकले नव्हते. मला वाटलं ह्या बाईंची बदली होणार.

मग त्या बोटावर मोजायला लागल्या. "एक जूनला पासष्ट. म्हणजे आम्ही जादा देतोय त्याला... पाच वर्षं होऊन गेली. वर पाचेक महिने." त्या थांबल्या. "मग तर ही वसुली लावायलाच नको होती."

"का हो?"

"चूक ऑफिसची असेल, माणूस साहेबांसारखा वर्ग तीनचा नोकर असेल, आणि पाच वर्षांपेक्षा जास्त काळ जादा पैसे जात राहिले असतील, तर ते मागं मागू नयेत असं सुप्रीम कोर्टानं सांगितलेलं आहे. एवढ्या जुन्या गोष्टीसाठी अशा घरांना छळायचं नाही. पाच वर्षं पुरी व्हायच्या आत पत्र निघालं असतं, तर मला इतक्या सरळ असं म्हणता आलं नसतं."

मी आ वासून ऐकत होते. म्हणजे सरकारला चूक लवकर सापडली असती तर मी भरणार. सरकार झोपून राहिलं म्हणून मी सुटणार. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात, इथं बैल इतका लांब गेला होता की त्याच्यामागं धावायलाच मनाई. जन्मात पहिल्यांदा मी सरकारच्या आळसाला मनापासून दुवा दिला.

आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की सगळं त्या एक जूनवर उभं आहे. त्या गुरुजींनी न विचारता ठोकून दिलेल्या तारखेवर. ती खरी धरली तर चूक पाच वर्षांच्या वर जाते. सासूबाईंचा पोळा खरा धरला तर ती तीन वर्षांवर येते आणि मी पुन्हा देणेकरी. शेजारी बघते तर अण्णांनी पिशवीतून प्रतिज्ञापत्र काढलेलं, चष्मा नाकावर, आणि तोंड उघडून वाचायला सुरुवात, "तथापि मयत हे प्रत्यक्षात..."

मी त्यांच्या पायावर पाय दिला. चप्पल होती, गुडघा दुखरा होता, तरी जोर लागला.

"अगागागा!"

"काय झालं काका?"

"त्यांना वात हाय," मी म्हणाले आणि त्यांच्या हातातला कागद ओढून घेतला.

"तो कसला कागद, आजी?"

अंबाबाईच बुद्धी देते. मी मांडीवरचा डबा उघडला, दोन धपाटे त्या स्टँप पेपरवर ठेवले, वर चटणी घातली आणि टेबलावर सरकवलं. "तुमच्यासाठीच काढला, बाई. सकाळपासून जेवला न्हाय वाटतं तुम्ही. चहा बघा कसा पडलाय."

त्या संकोचल्या, पण भुकेल्या होत्या. एक तुकडा मोडला, मग दुसरा. तेल हळूहळू "सबब" वर पसरत गेलं. अण्णा आपल्या मसुद्याकडं असे बघत होते की मला त्यांची दया आली.

"तुमचं काही म्हणणं होतं ना काका, वयाबद्दल?" खाता खाता बाईंनी विचारलं.

"काही न्हाय मॅडम," अण्णा खोल आवाजात म्हणाले. "वय बरोबर हाय. मयत एक जूनलाच जन्मले. मी शेजारी हाय, मला म्हाईत हाय."

बाईंनी सांगितलं की त्या प्रकरण वर पाठवतील, उत्तर यायला वेळ लागेल, आणि इथून पुढं पेन्शन मात्र नियमाप्रमाणं कमीच मिळेल. मी म्हटलं, मिळू दे. कमी पेन्शनीत कसं भागवायचं ते मला कळतं. कमीतून आणखी हप्ता कापला तर कळत नव्हतं. उठताना मी त्यांच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. ऑफिसातले सगळे बघायला लागले, पण मला राहवलंच नाही.

परतीच्या गाडीत अण्णा नळदुर्गपर्यंत रुसून होते. मग म्हणाले, "पाच वर्षांचा मुद्दा माझ्या डोक्यात आधीपासून होताच. पण म्हटलं, समोरच्याकडूनच येऊ द्यावा." मी त्यांना उरलेले धपाटे दिले. दुसऱ्या दिवशी गल्लीत कळलं की अण्णांनी सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन माझी वसुली थांबवली.

पत्र आलं ते थंडी सरताना. अण्णांनी ओट्यावर उभं राहून वाचलं. वसुली रद्द. मी लेकाला मुद्दामच फोन केला नाही. तो त्याच रविवारी येणार होता आणि मला त्याचं तोंड बघायचं होतं. एवढे महिने "तुला जमणार नाही, तू ये" असं ऐकून घेतलं होतं. एकदा तरी पोराला दाखवून द्यावं असं कुठल्या आईला वाटत नाही?

आला तो एकटाच, गाडी घेऊन. मागच्या सीटवर दोन मोठ्या रिकाम्या बॅगा. त्या बघून माझं डोकंच फिरलं. म्हणजे हा मला विचारायला आलाच नव्हता, न्यायला आला होता. मी पाणी द्यायच्या आधी पत्र हातात दिलं.

"वाच."

त्यानं वाचलं. "चांगलं झालं, आई," म्हणाला, पत्राची घडी घातली आणि न्हाणीतला गळका नळ बघायला गेला. किती वेळ तो आत खाटखूट करत होता. मी बाहेर भाकरी थापत होते आणि मनातल्या मनात भांडत होते. चांगलं झालं म्हणे! एवढंच?

जेवायला बसला. मान खाली. दुसरी भाकरी वाढताना मी म्हणाले, "का रे, आई जिंकली तर तोंड का पडलं?"

"तसं न्हाय."

"मग कसं?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, तसाच धरून बसला. "मला वाटलं होतं वसुली लागंल."

"लागंल असं वाटलं होतं का लागावी असं वाटलं होतं?"

त्यानं तुकडा पुन्हा आमटीत बुडवला.

"बोल की!"

"लागावी असं."

"मुडदा बशिवला तुझा!" मी उलथनं उगारलं. "आईच्या मागं सरकार लागावं म्हणून नवस करत होतास व्हय रे?"

"व्हय," तो म्हणाला. हसला नाही. "सातवीनंतर लातूरला टाकलंस. तिथनं पुणं. तुझ्या हातचं खाल्लं ते सुट्टीपुरतं. दिवाळीला चार दिवस, उन्हाळ्यात थोडे. तीस वर्षं झाली, आई. मला तुझ्याजवळ राहायचं राहूनच गेलंय."

चाळिशी ओलांडलेला बाप्या, कानाजवळचे केस पांढरे, हातात आमटीनं भिजलेला तुकडा. लातूरच्या हॉस्टेलात जागा मिळाली तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले होते. पोरगं शिकणार, साहेब होणार. तो गाडीत बसताना रडला नव्हता, आणि मी ते अभिमानानं सगळ्यांना सांगितलं होतं. मला राग यायला पाहिजे होता, नळापासून बॅगांपर्यंत सगळ्याचा. तो राग कुठं गेला कुणास ठाऊक.

"मग हे सरळ सांगायचं की! पेन्शन पुरणार न्हाय, औषधाचं कोण बघणार, पडलीस तर काय, हे काय लावलं होतंस?"

"सरळ सांगितलं असतं तर आली असतीस?"

"न्हाय," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू? आणि आम्ही दोघंही हसलो. हसता हसता माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. पिठाचे हात, पदरही घेता येईना. त्यानं आपल्या बाहीनं माझं तोंड पुसलं.

"तीस वर्षं मनात घेऊन बसलास," मी म्हणाले. "कधी बोलला न्हाईस."

"तू कधी विचारलंस?"

नव्हतंच विचारलं. जेवलास का, पैसे पुरतात का, पेपर कसे गेले, हे सगळं विचारलं होतं. तिथं तुला करमतं का, एवढं एकच विचारायचं राहून गेलं होतं.

मी तव्यावर आणखी एक भाकरी टाकली. त्यानं नको म्हटलं नाही. संध्याकाळी मी एका बॅगेत माझी लुगडी भरली. दुसरी रिकामीच राहू दिली. तो तिच्याकडं बघत होता, मग दोन्ही बॅगा उचलून गाडीत ठेवून आला. किल्ली अण्णांकडं दिली तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, परत कवा?" मी म्हटलं, "त्याला विचारून सांगते."